वस्तऱ्याच्या मानेवरची अक्षरं

पुण्याजवळच्या खडकवासल्यात एखादं जुनं घर उतरवायला घेतलं, की फडताळाच्या मागून किंवा पत्र्याच्या ट्रंकेच्या तळातून कधी कधी एक वस्तरा निघतो. पातं गंजलेलं असतं, मूठ शिंगाची, एका कडेने किड्याने खाल्लेली. कुणी म्हणतं पणजोबांचा असेल, कुणी म्हणतं एखाद्या साहेबाचा असेल. तेवढ्यावर विषय संपतो आणि वस्तरा भंगारात जातो. पण त्याच्या कुळाचा निम्मा दाखला त्याच्याच अंगावर ठोकलेला असतो. वाचता आला पाहिजे, इतकंच.

वस्तरा हळूच उघडावा. पातं खिळ्याने मुठीला जोडलेलं असतं, त्याच्या अलीकडे बोटाच्या पेराएवढा बिनधारेचा जाड भाग असतो. त्याला आपण मान म्हणू. कारागिराचं नाव, गावाचं नाव, कारखान्याचं चिन्ह, असलं तर इथेच असतं. भिंग घ्यावं, उजेड तिरपा पाडावा. पॉलिश मात्र करू नये. गंज काढण्याच्या उत्साहात अक्षरंच घासून जातात आणि वस्तरा अनाथ होतो.

मानेवर ‘शेफिल्ड’ दिसलं, तर तो इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या त्या पोलादी शहराचा. तिथे १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून ओतण्याची पद्धत बसवली. पोलाद आतून-बाहेरून एकजीव झालं आणि शेफिल्डच्या धारेचा जगभर दबदबा झाला. तिथल्या सुरीकारांचा संघ १६२४ पासूनचा. कुणाचं चिन्ह कोणतं याची तो नोंद ठेवत असे. चांदणी आणि माल्टाचा क्रूस हे जोडचिन्ह दिसलं, तर ते जोसेफ रॉजर्स अँड सन्स यांचं.

नावाशेजारी कधी मुकुट आणि दोन अक्षरं असतात. ‘डब्ल्यू आर’ म्हणजे राजा चौथा विल्यम, १८३० ते १८३७. ‘व्ही आर’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ‘जी आर’ मात्र फसवं आहे. जॉर्ज नावाचे राजे १८३० पर्यंत होते आणि १९१० नंतर पुन्हा आले. अशा वेळी अक्षरं बाजूला ठेवून अंगाकडे पाहावं. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्याला मानेमागे जेमतेम खुंट असे. बोट टेकवायला लांब वळलेली शेपटी आली ती एकोणिसाव्या शतकात. जुनं पातं पाचरीसारखं भरीव आणि जड. पुढे पात्याच्या दोन्ही बाजू पोखरून पातळ करण्याची कला वाढली, आणि तिच्यात जर्मनीच्या झोलिंगनने नाव काढलं. असं पातं नखाने हलकेच छेडलं तर नाद करतं.

मूठही साक्ष देते. शिंग, हस्तिदंत, कासवाची पाठ ही जुनी सामग्री. सेल्युलॉइडची मूठ असेल तर वस्तरा १८७० च्या आधीचा असणं कठीण. बेकेलाइट असेल तर विसाव्या शतकातला, कारण बेकेलाइटचा शोधच १९०७ चा. पण मूठ मोडली की बदलली जात असे, म्हणून एकट्या मुठीच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

‘झोलिंगन’ आणि शेजारी हातात हात घातलेली दोन माणसं दिसली, तर ते हेंकेल्स यांचं जुळ्यांचं चिन्ह. पेटर हेंकेल्स यांनी १३ जून १७३१ रोजी झोलिंगनच्या सुरीकार संघात त्याची नोंद केली. या दोन गावांच्या चढाओढीतून जुन्या वस्तूंचा काळ ठरवण्याची एक मोठी खूण जन्माला आली. झोलिंगनचा स्वस्त माल शेफिल्डचं नाव लावून विकला जातो अशी इंग्रज सुरीकारांची तक्रार होती. १८८७ साली ब्रिटिश संसदेने मालचिन्हांचा कायदा केला आणि परक्या मालावर देशाचं नाव आलं. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द असे कमीपणा दाखवण्यासाठी आले आणि काही वर्षांत चांगल्या मालाची ग्वाही होऊन बसले. हिंदुस्थानात याच वळणाचा कायदा १८८९ साली झाला. अमेरिकेनेही १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव मागितलं. त्यामुळे मानेवर नुसतं गाव असेल तर वस्तरा बहुधा १८९० च्या आधीचा आणि देशाचं नावही असेल तर बहुधा नंतरचा, असा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच. बाकीच्या खुणांशी ताडून मगच मानावा.

आता एक शिक्का असा, की तो दिसला तर मराठी माणसाने थोडं थांबावं. कित्येक शेफिल्डी वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असं असतं, म्हणजे रुपेरी पोलाद. या दोन शब्दांची वाट मुंबईतून गेली आहे.

दख्खनच्या भट्ट्यांत मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूडफाटा घालून पोलादाचे गोळे करण्याची विद्या हंट्समनच्या कित्येक शतकं आधीची. इराण-अरबस्तानात या गोळ्यांच्या तलवारी होत. कन्नडात पोलादाला उक्कु म्हणतात. त्यावरूनच इंग्रजांच्या तोंडी ‘वूट्झ’ हा शब्द आला असं मानतात. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर सोसायटीत निबंध वाचला. नमुन्यांचा एक भाग जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुरीकाराच्या हाती गेला. त्याला ते पोलाद इतकं आवडलं की त्याने आपल्या दुकानाच्या जाहिरातीत त्याचं नाव घातलं.

या स्टोडार्टच्या जोडीला पुढे एक तरुण रसायनतज्ज्ञ आला, मायकेल फॅरेडे. दख्खनच्या पोलादात असं आहे तरी काय, आणि ते आपल्याला करता येईल का, या प्रश्नापासून दोघांनी सुरुवात केली. पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ साली निष्कर्ष छापले. पोलादाच्या पाचशे भागांना चांदीचा एक भाग, हे मिश्रण त्यांना उत्तम वाटलं. फॅरेडेने आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले. शेफिल्डच्या कारखान्यांनी ही कल्पना उचलली आणि ‘सिल्व्हर स्टील’ हा शिक्का बाजारात आला. पुढे तो इतका चालला की चांदीचा अंशही नसलेल्या पोलादावर ठोकला जाऊ लागला. असा वस्तरा बोटीने मुंबईला उतरला असेल, तर ज्या बंदरातून ते गोळे विलायतेला गेले त्याच बंदरात त्यांचं नातवंड परतलं असं म्हणावं लागेल.

शब्दांचं कुळही असंच हिंडलेलं आहे. संस्कृतात वस्तऱ्याला क्षुर म्हणतात. तो ऋग्वेदात आहे आणि ग्रीक भाषेतला त्याचा सख्खा भाऊ आहे ‘क्सुरॉन’. आपल्या मराठीत क्षुर ‘क्षौर’मध्ये राहिला, आणि क्षुरिकेची सुरी होऊन स्वयंपाकघरात गेली. हत्याराला मात्र फारसी ‘उस्तुरा’वरून वस्तरा हे नाव मिळालं. हजामत अरबी; तिचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणं. न्हावी हा शब्द संस्कृत नापिताचा प्राकृतातून आलेला भाऊबंद, न्हाऊ घालणारा. म्हणजे दाढी करणाऱ्या एका माणसाच्या नावात, कामात आणि हत्यारात अंघोळ, वैद्यकी आणि धार या तिन्ही कामांची आठवण आहे.

इथपर्यंतचं कुळ कारखान्याचं, म्हणून शिक्क्यात सापडतं. हाताचं कुळ मात्र गावात शोधावं लागतं. खडकवासल्याला वस्तरा यायला दोन मोठ्या वाटा होत्या. एक बलुत्याची. बारा बलुतेदारांपैकी न्हाव्याला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, आणि तो धोकटी खाकोटीला मारून दारोदार जाई. त्याचा वस्तरा दगडावर आणि चामड्यावर इतका घासलेला असतो की पातं अरुंद होऊन मधे खोलगट झालेलं दिसतं. दुसरी वाट छावणीची. इथलं मुठा नदीवरचं धरण १८७० च्या दशकात बांधलं गेलं, पुणे आणि खडकीच्या छावण्यांना पाणी गेलं, गावाचा छावणीशी संबंध जुळला, आणि जलाशयाला इंजिनियर फाइफ यांचं नाव पडलं. मुठीवर आकडे आणि बाणाच्या टोकाची खूण असेल, तर वस्तरा ब्रिटिश लष्करी भांडारातला. आकडे बहुधा शिपायाचा क्रमांक.

पण तो कुणाच्या डोक्यावर फिरला, हे कुठल्याच शिक्क्यात नसतं. जावळ त्यानेच निघालं, सुतकात डोई त्यानेच केली, आणि नवरा गेलेल्या कोवळ्या मुलींचे केसही त्यानेच उतरवले. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. हे काम म्हणजे त्यांची रोजीरोटी होती, तरी त्यांनी ते नाकारलं. त्या वर्षाच्या आगेमागे ठोकलेलं एखादं ‘शेफिल्ड, इंग्लंड’ पाहताना मला त्या सभेतल्या धोकट्या आठवतात. पोलादाची कीर्ती शेफिल्डची असेल. वस्तरा मिटून ठेवण्याची कीर्ती त्या कारागिरांची आहे.

मग काळ बदलला. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली फेकून देण्याच्या पात्याचं पेटंट मिळालं आणि घरातली दाढी न्हाव्याकडून आरशाकडे गेली. १६ जानेवारी १९५५ रोजी खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं उद्घाटन झालं, तेव्हा रोज गुळगुळीत दाढी करणाऱ्या तरुणांच्या हाती हेच नवं यंत्र होतं. सलूनमध्ये जुना वस्तरा टिकून होता. १९८६ साली भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली, आणि पुढच्या वर्षांत गिऱ्हाइकागणिक अर्धं ब्लेड बदलायची मूठ आली. ते योग्यच झालं. धोकटीतला पोलादी वस्तरा मात्र तेव्हाच फडताळात गेला.

म्हणून तो सापडला तर दोन कामं करावीत. मानेवरची अक्षरं कागदावर जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. आणि घरातल्या, आळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारावं, हा कुणाच्या हातचा, धार कुठे लावून आणत, गावात दाढी करायला कुणाच्या ओट्यावर बसत. याच खोऱ्यात १२ जुलै १९६१ च्या पुराने घरोघरचे कागद वाहून नेले, म्हणून तोंडची आठवणच मोलाची. जे सांगतील ते लिहून, चिठ्ठी वस्तऱ्याच्या मुठीला दोऱ्याने बांधून ठेवावी. मानेवर कारखान्याचं नाव आहेच; मुठीला न्हाव्याचं नाव असू द्यावं.