कासार

जुन्नरच्या लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखात ‘कासाकार’ भेटतो. मूळ संस्कृत कांस्यकार, काशाची भांडी घडवणारा. पुढे मधला ‘क’ गळाला आणि आपला कासार उरला.

सातवाहन-क्षत्रपांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. या व्यापारावर कारागिरांच्या श्रेणी उभ्या राहिल्या. त्यांची पत केवढी! दानाची रक्कम कासारांच्या आणि ‘वसकारां’च्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव म्हणून दिली जाई आणि तिचं व्याज दरमहा मिळे. दगडात कोरलेला हा ठेवीचा व्यवहार मला राजांच्या बिरुदांहून मोलाचा वाटतो.

वसकार शब्द मात्र लोपला. ते काम करणाऱ्याला आज आपण बुरूड म्हणतो. कासार टिकला, पण धंदा पालटला. मंचर-नारायणगावकडे लग्नघरी चुडा भरायला येतो तोही कासारच.

1490मध्ये मलिक अहमदने जुन्नरात निजामशाही उभारली. सुलतानांच्या राजवटींत अरबी-फारसी शब्द मराठीत रुळले, कासाराच्या भांड्यांपर्यंत पोचले. पितळी पातेल्याला लावतात ती कल्हई अरबीतलीच.