अंगठ्याची बढती

मराठीत 'अंगठेबहाद्दर' हा शब्द कौतुकाने कुणी वापरत नाही. सावकाराच्या किंवा तलाठ्याच्या कागदावर जो सहीऐवजी डावा अंगठा उठवतो, तो अंगठेबहाद्दर. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत आम्हा शिक्षकांपैकी अनेकांनी संध्याकाळचे प्रौढ वर्ग चालवले. त्या वर्गात बायकांची पहिली मागणी ठरलेली असे, "बाई, बाकीचं ऱ्हाऊ द्या, आधी सही शिकवा." अंगठ्यापासून सुटका म्हणजे शिक्षण, इतकं ते सरळ होतं.

आणि आता काळाची गंमत पाहा. विमानतळावर डॉक्टर, इंजिनिअर, कंपन्यांचे बडे अधिकारी यंत्रापुढे बोट टेकवतात, कॅमेऱ्याकडे चेहरा करतात आणि इमिग्रेशनची लांबलचक रांग टाळून पुढे निघून जातात. आपल्याकडे ही सोय २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या विमानतळावर सुरू झाली. 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन - ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम' असं तिचं भलंमोठं नाव. जानेवारी २०२५ मध्ये ती मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. अर्ज ऑनलाइन भरायचा, छाननी झाली की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा, मग पाच वर्षं (किंवा पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल तर तोवर) आपोआप उघडणाऱ्या दारातून ये-जा करायची. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक यांच्यासाठी ही योजना आहे, आणि फी काही नाही. (देशांतर्गत प्रवासात चेहरा दाखवून आत सोडणारी 'डिजी यात्रा' ती वेगळी, ती डिसेंबर २०२२ पासूनची. बरेच जण या दोन्हींची गल्लत करतात.)

ज्या अंगठ्याची आपल्याला लाज वाटायची त्याला ही बढती कशी मिळाली? आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे असा प्रश्न पडला की मागे जाऊन पाहायची खोड जात नाही. तर चला, थोडं मागे जाऊ.

गोष्ट सुरू होते बंगालमध्ये, १८५८ साली. उठाव नुकताच शमत होता आणि इंग्रज अधिकाऱ्यांचा एतद्देशीयांवर विश्वास उरला नव्हता. जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी केला. उद्या हा 'ही सही माझी नव्हेच' म्हणायचा, या धास्तीने हर्शेलने त्याच्या तळहाताला शाई लावून करारावर पंजाच उमटवून घेतला. त्यात शास्त्र वगैरे काही नव्हतं. माणसाला वचक बसावा एवढाच हेतू. पुढे या ठशांचा हर्शेलला छंदच लागला. १८७७ साली तो हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने दस्तांची नोंदणी, कैदी आणि सरकारी पेन्शनर यांच्यासाठी बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. पेन्शनर कशासाठी? तर म्हातारा वारल्यावरही नातेवाईक पेन्शन उचलत राहतील म्हणून! आज नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर बोट टेकवणाऱ्या माझ्यासारख्या पेन्शनरांनी हे लक्षात ठेवावं. आपली परंपरा जुनी आहे.

ठसे घेणं सोपं, पण हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा? त्याचं उत्तरही बंगालमध्येच मिळालं. पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय काम करत होते. ठशांची १०२४ खणांत विभागणी करण्याची पद्धत बसवण्यात या दोघांचा मोठा वाटा होता. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं आणि १९०१ मध्ये ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने उचलली. जगभर ती 'हेन्री पद्धत' म्हणून प्रसिद्ध झाली. हक आणि बोस यांची नावं किती जणांना माहीत आहेत, ते तुम्हीच सांगा.

आता बंगालमधून दक्षिण आफ्रिकेत जायचं, कारण हे हेन्रीसाहेबही १९०० साली तिथे पोलीस दलाची घडी बसवायला गेले होते. सहाच वर्षांनी, १९०६ मध्ये, ट्रान्सवालच्या सरकारने एक वटहुकूम आणला. आठ वर्षांवरील प्रत्येक भारतीयाने नाव नोंदवून दहाही बोटांचे ठसे द्यायचे आणि परवाना कायम जवळ बाळगायचा. त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा भरली आणि तिथून सत्याग्रहाचा जन्म झाला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच्या मुळाशी बोटाचा ठसा होता, हे सहसा कुणी सांगत नाही. गांधीजींनी त्या काळात हेन्री यांचं पुस्तकही वाचलं होतं. कायद्याने ठसे घेतले जातात ते फक्त गुन्हेगारांचे, हे त्यांना त्यातून कळलं, असं त्यांनीच दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जानेवारी १९०८ मध्ये गांधीजी आणि जनरल स्मट्स यांच्यात तडजोड झाली. भारतीयांनी आपणहून नोंदणी करावी, मग सक्तीचा कायदा मागे घेतला जाईल, असं गांधीजींना त्यातून समजलं होतं. कालपर्यंत ठशांना विरोध करणारे गांधीजी १० फेब्रुवारीला स्वतः ठसे द्यायला निघाले! काही लोकांना हा विश्वासघात वाटला. वाटेत मीर आलम नावाच्या पठाणाने त्यांना बेदम मारहाण केली. तरी जखमी अवस्थेत, अंथरुणावरून, त्यांनी ठसे दिलेच. सक्तीने मागितलेला ठसा अपमान आहे आणि राजीखुशीने दिलेला ठसा सहकार्य आहे, हा त्यांचा विचार. पण कायदा काही मागे घेतला गेला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांवर परवान्यांची होळी झाली. ठसा तोच, शाई तीच. देणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची मुभा आहे की नाही, एवढ्यावर सगळं अवलंबून होतं.

विमानतळावरच्या रांगेचाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातल्या बऱ्याच देशांत पासपोर्टशिवाय जाता येत असे. युद्धात हेरांच्या भीतीने तो सक्तीचा झाला आणि युद्ध संपलं तरी गेला नाही. १९२० साली पॅरिसच्या परिषदेने त्याचा नमुना ठरवला, त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा आला. तात्पुरती म्हणून आलेली गोष्ट अशी ठाण मांडून बसते.

मग विमानं वाढली, रांगा वाढल्या. १९९३ साली अमेरिकेने न्यूयॉर्क आणि नेवार्क इथे नेहमी येणाऱ्या प्रवाशांसाठी पंजाचा आकार मोजणारं यंत्र बसवलं. २००१ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावर वर्गणी भरून डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय निघाली. ब्रिटननेही २००६ मध्ये बुबुळाची योजना आणली आणि २०१३ मध्ये गुंडाळली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, जानेवारी २००४ पासून, अमेरिका व्हिसावर येणाऱ्या परदेशी प्रवाशांचे ठसे सक्तीने घेऊ लागली. आणि २००८ साली त्याच देशाने 'ग्लोबल एंट्री' सुरू केली. फी भरा, चौकशीला सामोरे जा, ठसे द्या आणि पटकन आत या. भारतीयांना तिचं दार २०१७ मध्ये उघडलं. म्हणजे एकाच विमानतळावर एकाकडून ठसा घेतात तो संशयापोटी, आणि दुसरा तोच ठसा देतो तो मान म्हणून. हर्शेलला हे पाहून हसू आलं असतं.

गेल्या वर्षी मी मुलीबरोबर मुंबईहून सिंगापूरला गेले. तिने नोंदणी केलेली असल्यामुळे ती यंत्राच्या दारातून मिनिटभरात पलीकडे गेली, मी नेहमीच्या रांगेत. माझ्यापुढे आखाती देशात कामाला निघालेली पाच-सहा मुलं होती. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, बोटं सिमेंटने खडबडीत झालेली. त्यातला एक मला म्हणाला, "आजी, तुमी का नाय त्या दारातनं गेलासा?" मी म्हटलं, "मी नाव नोंदवलं नाही बाबा. तू का नाही गेलास?" तो म्हणाला, "आमाला कोन सांगतंय?"

योजना फुकट आहे, त्याच्यासाठीही आहे. पण तिथवर पोचायला संगणक लागतो, त्यावरचा अर्ज समजावा लागतो, सवड लागते. आणि हेही खरं की विटा-सिमेंटमध्ये राबणाऱ्यांच्या आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. यंत्र त्यांना ओळखत नाही. शतकभरापूर्वी ठसा हा मजुराचा आणि कैद्याचा होता. आज मजुराचाच ठसा यंत्राला उमटत नाही!

कुणी म्हणेल, बाईंना नवीन काही नकोच असतं. तसं नाही. माझ्या मुलीचा तासभर वाचला, अधिकाऱ्यांचं काम हलकं झालं, हे चांगलंच आहे. आपल्याच महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. तेव्हापासून बोट आणि बुबुळ देणं आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण अंगवळणी पडलं म्हणून विचार सोडू नये. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. २०१५ साली अमेरिकेच्या सरकारी दप्तरातून ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. ते लोक आता नवी बोटं कुठून आणणार?

म्हणून ठसा देण्यापूर्वी प्रत्येकाने काही साधे प्रश्न विचारावेत. हा कशासाठी घेताय? किती वर्षं ठेवणार? उद्या नको म्हटलं तर पुसणार का? आणि नाही दिला, तर माझं काय होईल?

हा शेवटचा प्रश्न ट्रान्सवालचा आहे. 'ऐच्छिक' हा शब्द फार फसवा असतो. पंढरपूरला दर्शनबारीत तासन्‌तास उभा राहणारा वारकरी विठ्ठलाच्या पायांपर्यंत पोचतो, म्हणून त्या बारीला अर्थ आहे. ती कुणी बंद केली तर दर्शन कसलं? तसंच इथेही आहे. जलद दार जरूर असावं. पण नेहमीच्या रांगेतल्या खिडक्या एकेक करून कमी होत गेल्या, तिथला माणूस उठवला गेला, तर ऐच्छिक सोय बघता बघता सक्तीची होईल, आणि कायदा बदलला नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. यंत्राच्या दारांची संख्या सरकार आनंदाने जाहीर करतं. माणसं बसलेल्या खिडक्या किती उरल्या, हे मात्र आपल्यालाच मोजत राहावं लागेल.