नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी श्रद्धा आणि दृश्यकला

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा, मावची, कोकणा आदी जमातींची वस्ती आहे. लिखित धर्मग्रंथ नसलेल्या या समाजांचा श्रद्धेचा इतिहास मौखिक परंपरेत व दृश्यकलेत जतन झालेला आढळतो. वाघदेवाच्या लाकडी वा दगडी खांबावर वाघ, नाग, चंद्र व सूर्य कोरलेले असतात. ज्याचे भय, त्यालाच राखणदार मानण्याची ही श्रद्धा होय. हा देव शिवाराशी बांधलेला असतो. याउलट होळीतील नवसकरी बुध्यांच्या अंगावरील पांढरे ठिपके व डोक्यावरील मोरपिसांचा टोप ही माणसाबरोबर चालणारी कला होय.

हा भेद स्थलांतराच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून क्युबात नेलेल्या योरुबांनी शांगो हा आपला देव संत बार्बराच्या प्रतिमेत पुजला. त्यातून सांतेरिया परंपरा घडली. सरदार सरोवरामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. पुनर्वसनात जमिनीची मोजणी होते. शिवाराशी बांधलेल्या देवाला मात्र मोबदल्याच्या हिशेबात स्थान नसते. म्हणूनच या प्रतिमांची त्यांच्या स्थळांसह नोंद होणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.