एक पौंड धान्य आणि शरीराचा हिशेब

अमुक इतकं खाल्लं की शरीराचं तमुक इतकं होणार, हे आधीच कागदावर मांडायची पद्धत मोबाइलबरोबर आलेली नाही. आमच्या इंदापूर-बारामतीच्या दुष्काळी कामांवर ती 1877 सालीच येऊन गेली. तेव्हा वजन उतरवायचा प्रश्न नव्हता, माणूस कमीत कमी किती धान्यावर जगेल एवढाच होता.

सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांच्या उठावात सावकारांचे कागद जळाले ते मे 1875 मध्ये. त्याला जेमतेम दीड वर्ष होतंय तोच पावसानं पाठ फिरवली. इंदापूर आणि त्या वेळचा भीमथडी तालुका, ज्यात आजची बारामती येत होती, होरपळून निघाला. सरकारनं दुष्काळी कामं काढली. व्हाइसरॉय लिटननं पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी 1877 मध्ये मजुरीचं माप ठरवलं: दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. दीड पौंड धान्य, शिवाय डाळ आणि भाजी, याखाली माणूस कष्ट करू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मार्चमध्ये मद्रासनं निम्मं ऐकलं आणि माप सव्वा पौंडावर नेलं. इकडे मुंबई इलाख्यात मजुरी घटताच हजारो माणसं कामं सोडून चालती झाली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली.

मी गणित शिकवत आले, त्यामुळे तो पौंड मोजल्याशिवाय मला राहवत नाही. एक पौंड म्हणजे 454 ग्रॅम. ज्वारीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 335 ते 350 उष्मांक, म्हणजे पौंडाला 1550 च्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आजच्या तक्त्यात जड काम करणाऱ्या पुरुषाची गरज 3470 आहे. निम्म्याहून कमी धान्यावर खडी फोडायला लावलं होतं.

जवळपास तेवढंच अन्न अमेरिकेत पुढे मुद्दाम देऊन पाहिलं गेलं. 1944-45 मध्ये मिनेसोटात अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे दिवसाला सरासरी 1570 उष्मांकांवर ठेवलं. वजन कसं उतरत जाईल याची वक्ररेषा आधीच काढून ठेवली होती. माणसं त्या रेषेवर आपोआप चालली नाहीत. एकाचं वजन भराभर उतरे, दुसऱ्याचं अडून बसे, मग आठवड्याच्या वजनानुसार ज्याच्या त्याच्या ताटातले ब्रेड आणि बटाटे कमी-जास्त करावे लागत. वजन अखेर सुमारे चौथ्या हिश्शानं घटलं, पण स्वस्थ पडून असतानाचा शरीराचा खर्च सुमारे 40 टक्क्यांनी उतरला. इतक्या बारकाईनं मोजूनही एकेका माणसाचं भाकीत चुकत होतं, हे मला त्या प्रयोगातलं सगळ्यात मोठं वाटतं.

आमच्या घरी हे 1972 ला घडलं, फक्त कुणी लिहून ठेवलं नाही. मी तेव्हा शाळकरी पोर. आई इंदापूर तालुक्यातल्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, पुढ्यात मोठा दगड, हातात हातोडी. संध्याकाळी मुकादम ढीग मापायचा. मुलांना सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची भाकरी. एरवी साबण लावल्याशिवाय न निघणाऱ्या आईच्या बांगड्या त्या उन्हाळ्यात कोपरापर्यंत सरकायच्या. पुढे वजन उतरायचं थांबलं, पण ती दोन डोकी पाणी आणून मटकन बसायची, थंडी वाजते म्हणायची, आणि पाळी बंद झाली होती, हे तिनं मला फार वर्षांनी सांगितलं. शरीरानं आपला खर्च असा एकेका ठिकाणी तोडला होता.

गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे: पुण्याच्या गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास नुकताच, 1971 मध्ये, आला होता. दिवसाला 2250 उष्मांक ज्याला परवडत नाहीत तो गरीब, अशी रेघ त्यात आखली होती. त्या रेघेला आव्हान दिलं तेही पुण्यातूनच. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे जागतिक अन्न आणि शेती संघटनेत वीसेक वर्षं संख्याशास्त्राचं काम पाहून परतले होते. एकाच माणसाचं वजन तेच, काम तेच, तरी त्याचं खाणं आठवड्याआठवड्याला बरंच वर-खाली होतं, शरीर आपला खर्च जुळवून घेतं, म्हणून सरासरीचा एकच आकडा प्रत्येकावर लादता येत नाही, असं त्यांनी मांडलं. दांडेकरांनी त्यावर टीका केली. पोषणशास्त्रज्ञ डॉ. गोपालन यांचं म्हणणं होतं की या जुळवून घेण्याची किंमत माणूस भरतो, मुलं खुरटतात.

मी आईची मुलगी म्हणून गोपालन यांच्या बाजूची आहे. भुकेल्याची गरज कमी होत नाही, तो फक्त कमी जगतो. पण गणिताची शिक्षिका म्हणून सुखात्म्यांचं एक मला पूर्ण पटतं: खर्चाचा आकडा स्थिर धरला की भाकीत कोसळतं.

आज बारामतीत कालव्याकडेला सकाळी फिरणाऱ्या बायका मला मोबाइल दाखवतात. रोज 500 उष्मांक कमी खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल, अमुक तारखेला 62 किलो. या हिशेबाचं मूळ 1958 मधलं, मॅक्स विश्नॉफ्स्की नावाच्या डॉक्टरचं. एक पौंड वजन म्हणजे 3500 उष्मांक, किलोला साधारण 7700. त्या हिशेबानं वर्षात जवळजवळ 24 किलो जायला हवेत. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवलं की शरीर हलकं होतं तसा त्याचा खर्चही घटत जातो. जाड माणसानं खाणं रोज सुमारे 24 उष्मांकांनी कमी केलं, तर अखेर एक किलो उतरतो, त्यातला निम्मा पहिल्या वर्षात आणि बहुतेक सगळा तीन वर्षांत. म्हणजे 500 च्या तुटीवर पहिल्या वर्षी दहाएक किलो. तेही जे लिहिलं तेच खरोखर खाल्लं असेल तर.

आणि इथं भाकरी आडवी येते. मी पीठ तोलून पाहिलं. माझी पातळ भाकरी 80 ग्रॅम पिठाची, जाऊबाईंच्या हातची 120 ची. मोबाइलमध्ये दोन्ही ‘1 भाकरी’. दिवसाला चार खाल्ल्या तर 160 ग्रॅम पिठाचा फरक, साडेपाचशेच्या आसपास उष्मांक. सगळी तूट त्या एका नोंदीत बुडाली. शेंगदाण्याच्या कुटाचं आणि फोडणीच्या तेलाचं तर कुणी लिहीतच नाही.

म्हणून विचारलं की मी सांगते, खाणं लिहून ठेवा, त्यानं तोंडावर लक्ष राहतं. भाकरीचं पीठ आठवडाभर तोला, म्हणजे आपल्या हाताचं माप कळेल. वजन रोज सकाळी एकाच वेळी करा आणि आठवड्याची सरासरी काढा, कारण एका दिवसात पाण्यानंच किलोभर इकडेतिकडे होतं. महिना झाला की आपल्या आकड्यांवरून आपला खर्च पुन्हा मांडा. मोबाइलनं दिलेल्या तारखेवर मात्र लग्नाच्या साडीचा ब्लाउज शिवायला टाकू नका. आणि वजन उतरायचं थांबलं, थंडी वाजायला लागली, पाळी चुकली, तर मोबाइल आणखी कमी खा म्हणाला तरी ऐकू नका, आधी डॉक्टर गाठा.