औनॉर, नोरा
औनॉर, नोरा : (२१ मे १९५३–१६ एप्रिल २०२५). फिलिपीन्समधील विख्यात चित्रपट व दूरचित्रवाणी अभिनेत्री, गायिका आणि चित्रपटनिर्माती. मूळ नाव नोरा काबाल्तेरा व्हिल्यामायॉर. जन्म लूझॉन बेटाच्या आग्नेयीकडील बीकोल प्रदेशात ईरीगा येथे, एका निर्धन कुटुंबात. बालपणी ती तेथील रेल्वेस्थानकावर उतारूंना पिण्याचे पाणी विकीत असे. पुढे सांभाळ करणाऱ्या आप्तांचे ‘औनॉर’ हे आडनाव तिने धारण केले. १९६७ मध्ये ‘तावाग नांग तांघालान’ या राष्ट्रीय गायनस्पर्धेत तिने अजिंक्यपद मिळविले आणि त्याच वर्षी सांपागीता पिक्चर्स या जुन्या निर्मितिसंस्थेच्या चित्रपटांतून तिचा पडद्यावर प्रवेश झाला.

तिच्या उदयाचे महत्त्व कळण्यासाठी तत्कालीन फिलिपिनो चित्रपटसृष्टीची पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते. तीन शतकांहून अधिक काळ स्पेनच्या आणि त्यानंतर अमेरिकेच्या अंमलाखाली राहिलेल्या या देशात सौंदर्याची कल्पनाही शासकांच्या वर्णाशी निगडित झाली होती. गोऱ्या, उंच व मिश्रवंशीय स्त्रीलाच नायिकेचे स्थान मिळे. सावळ्या स्त्रीच्या वाट्याला बहुधा दासीची वा विनोदी भूमिका येई. ठेंगण्या बांध्याच्या, सावळ्या नोराने हा संकेत मोडला. टॉवर प्रॉडक्शन्सच्या संगीतप्रधान चित्रपटांतून तीर्सो क्रूस (तिसरा) या नटाबरोबर तिची जोडी जमली व गाय अँड पिप (१९७१) सारख्या चित्रपटांना अमाप लोकप्रियता लाभली. तिचा चाहतावर्ग ‘नोरानियन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यात घरकाम करणाऱ्या मुली, कारखान्यांतील कामगार स्त्रिया व फेरीवाले यांचा भरणा मोठा होता. आपल्यासारखीच एक मुलगी पडद्यावर केंद्रस्थानी आली, याचे अप्रूप त्यांच्या निष्ठेच्या मुळाशी होते. व्हिल्मा सांतोस या समकालीन अभिनेत्रीशी तिची असलेली स्पर्धा आणि दोघींच्या चाहत्यांमधील चढाओढ कित्येक दशके टिकली.

लोकप्रियतेच्या शिखरावर असताना नोराने गंभीर भूमिकांकडे मोर्चा वळविला. फेर्दिनांद मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारल्यानंतरचा हा काळ. अभ्यवेक्षण कडक असूनही लीनो ब्रोका, इश्माएल बेर्नाल, मारिओ ओʼहारा इ. दिग्दर्शकांनी याच काळात फिलिपिनो चित्रपटाला सामाजिक आशय प्राप्त करून दिला. नोराने त्यांच्या चित्रपटांतून भूमिका केल्या, तसेच ‘एन्‌व्ही प्रॉडक्शन्स’ ही स्वतःची संस्था काढून त्यांपैकी काहींची निर्मितीही केली. ओʼहारादिग्दर्शित तात्लाँग ताओंग वालांग दियोस (१९७६) या तिच्या संस्थेच्या चित्रपटात जपानी व्यापकाळातील एका शिक्षिकेची शोकांतिका आहे. बलात्कार करणाऱ्या अधिकाऱ्याशीच विवाह केलेली ही स्त्री अखेर स्वजनांच्या रोषाला बळी पडते. या भूमिकेबद्दल समीक्षकांच्या ‘उरियान’ पुरस्कारांपैकी उत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिलाच पुरस्कार तिला मिळाला. मिन्साय इसांग गामुगामो (१९७६) मध्ये ती अमेरिकेला जाण्याची स्वप्ने पाहणारी परिचारिका आहे. अमेरिकन लष्करी तळाजवळ भाऊ सैनिकाच्या गोळीला बळी पडताच तिची स्वप्ने भंगतात. ब्रोकाच्या बोना (१९८०) मध्ये तिने एका दुय्यम नटाच्या भक्तीपायी घरदार सोडून त्याची मोलकरीण बनलेली तरुणी साकार केली. असंख्य चाहत्यांच्या दैवतानेच चाहत्याच्या अंधभक्तीचे हे निष्ठुर चित्र घडविले, हे विशेष होय.

बेर्नालदिग्दर्शित हिमाला (१९८२) हा तिच्या कारकीर्दीचा कळस मानला जातो. ‘एक्स्पेरिमेंटल सिनेमा ऑफ द फिलिपीन्स’ या शासकीय संस्थेने निर्मिलेल्या या चित्रपटाची पटकथा रिकी ली यांची आहे. दुष्काळाने गांजलेल्या कुपांग गावातील एल्सा हिला मेरीमातेचे दर्शन झाल्याची वार्ता पसरते. रोगी, यात्रेकरू, व्यापारी व चित्रपटकार यांची गावात रीघ लागते, आणि श्रद्धेचा बाजार अखेर विनाशाला कारण होतो. चमत्कार असा नसतोच, देव आणि शाप ही माणसाचीच निर्मिती आहे, असे एल्सा जमलेल्या हजारोंना सांगते व त्याच क्षणी गोळीला बळी पडते. या भूमिकेत नोराने शब्द व हालचाल यांपेक्षा दृष्टी आणि स्तब्धता यांवर भर दिला. तिचे भावपूर्ण डोळे हे तिच्या अभिनयाचे मुख्य साधन होते. १९८३ च्या बर्लिन महोत्सवातील स्पर्धेत हा चित्रपट दाखविण्यात आला.

सिंगापूरमध्ये मार्च १९९५ मध्ये फाशी दिल्या गेलेल्या फिलिपिनो मोलकरणीच्या जीवनावरील द फ्लोर काँतेंप्लासियाँ स्टोरी (१९९५) मधील भूमिकेसाठी तिला कैरो महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार लाभला. पोटासाठी परदेशी राबणाऱ्या लक्षावधी स्त्रियांची व्यथा तिने त्यात मूर्त केली. दूरचित्रवाणीवर सुपरस्टार या तिच्या संगीतमय कार्यक्रमाने १९७० व १९८० या दशकांत घराघरांत स्थान मिळविले. पुढील काळात बितुइन, सा न्गालान नांग इना (२०११), ओनानाय या मालिकांतही तिने कामे केली. रंगभूमीवरही तिने भूमिका केल्या.

काही वर्षे अमेरिकेत राहून २०११ मध्ये ती मायदेशी परतली. एका शस्त्रक्रियेनंतर तिचा गाता गळा गेला होता; तथापि ब्रियांते मेंदोसा यांच्या दाय वूंब (२०१२) मधील निपुत्रिक बाजाव सुईणीची, जवळजवळ मूक अशी भूमिका व्हेनिस महोत्सवात वाखाणली गेली व तिला ‘आशियाई चित्रपट पुरस्कार’ मिळाला.

२०१४ मध्ये ‘राष्ट्रीय कलावंत’ या सर्वोच्च सन्मानासाठी तज्ञांनी तिची शिफारस केली असताही राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो आकिनो (तिसरा) यांनी, अंमली पदार्थविषयक एका जुन्या प्रकरणाकडे बोट दाखवून, तिचे नाव वगळले. कलावंताचे मूल्यमापन कलेवरून करावे की खाजगी आयुष्यावरून, असा वाद त्यातून देशभर माजला. अखेर जून २०२२ मध्ये हा सन्मान तिला देण्यात आला. तिच्या निधनानंतर मानिला परिसरातील वीरांच्या राष्ट्रीय दफनभूमीत शासकीय इतमामाने तिचा दफनविधी झाला. रेल्वेस्थानकावर पाणी विकणाऱ्या मुलीचा तेथवरचा हा प्रवास सामान्य फिलिपिनो माणसाला स्वतःच्या प्रतिष्ठेचा विजय वाटला; वसाहतवादी सौंदर्यकल्पनेतून मुक्त होऊ पाहणाऱ्या समाजाच्या इतिहासात म्हणूनच तिला एक वेगळे स्थान आहे.