मूत्रपिंडविकार, दीर्घकालीन (शिरूर-दौंड परिसर)

मूत्रपिंडांच्या रचनेत वा कार्यात बिघाड होऊन तो तीन महिन्यांहून अधिक टिकल्यास त्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. बोलीत याला सरसकट ‘किडनी फेल’ म्हटले जाते. वस्तुतः ती या विकाराची पाचवी व अखेरची पायरी होय. गाळणदर (ईजीएफआर) 60 च्या खाली असणे किंवा लघवीतून अल्ब्युमिन जाणे, हे निदानाचे मुख्य निकष.

लक्षणे : बराच काळ काहीच नसतात. पुढे पायांवर व डोळ्यांभोवती सूज, रात्री वारंवार लघवी, अन्नावरची वासना जाणे, धाप. गाळणक्षमता निम्म्यावर येईतो रक्तातील क्रिएटिनिन मर्यादेत राहू शकते. म्हणून केवळ त्या आकड्यावर विसंबू नये. मधुमेह वा रक्तदाब असलेल्याची लघवी वर्षातून एकदा तरी तपासली जायलाच हवी. ही तपासणी स्वस्त आहे.

कारणे : मधुमेह व उच्च रक्तदाब ही प्रमुख. शिवाय मूतखडा, प्रोस्टेटची वाढ, वारंवारचा जंतुसंसर्ग, आनुवंशिकता.

उष्णता व श्रम : दोन्ही तालुके पर्जन्यछायेत असले, तरी घोड व भीमेच्या पाण्यावर येथे ऊस फोफावला. हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या येतात. पहाटे फडात शिरलेला कोयता ऊन चढले तरी थांबत नाही. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीपाशी आणि जाळ घालणारा चुलवाणापुढे तासन्‌तास असतो. घामावाटे गेलेले पाणी भरून न निघता असे श्रम रोज घडले, तर मूत्रपिंडांवर वारंवार ताण येतो. आडोसा नसल्याने फडातील स्त्रिया पाणीच कमी पितात. लघवी तुंबवल्याने जंतुसंसर्ग बळावतो. मध्य अमेरिकेत ऊसतोड कामगारांमधील अशा विकाराची नोंद 2002 मध्ये एल साल्वाडोरमधून झाली. तेथे पुढे पाणी, सावली व विश्रांती यांवर भर देण्यात आला. आंध्रातील उद्दानम भागातही मधुमेह नसलेल्या शेतकऱ्यांत हा विकार आढळतो. उष्णता, कीटकनाशके, पाण्यातील घटक यांपैकी नेमके काय कारणीभूत, याविषयी एकमत नाही. तरीही टोळीमागे पाण्याची टाकी आणि दुपारची सुट्टी देण्यासाठी एकमताची वाट पाहण्याचे कारण नाही.

औषधे : अंगदुखीवर दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी गोळी, त्यात अंगात पाणी कमी, हा मेळ मूत्रपिंडांस विशेष घातक. पारा वा शिसे असलेली भस्मेही धोक्याची.

आहार : मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची रीत मायेची; परंतु विकार पुढे गेलेल्या रुग्णास त्यातील पोटॅशियममुळे हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका असतो.

उपचार : टेल्मिसार्टन, रामिप्रिल, अलीकडे डॅपाग्लिफ्लोझिन यांनी विकाराची गती मंदावते. अखेरच्या पायरीवर डायलिसिस, बहुधा आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार तास. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांत ते मोफत होते. तथापि पुण्याला जावे लागणाऱ्याच्या महिन्यात बारा खेपा पडतात. सोबत येणाऱ्याचीही तितकीच मजुरी बुडते. डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी व शिरेची जोडणी) केलेल्या हाताने ओझे उचलू नये, त्या हातावर रक्तदाब मोजू नये.

प्रत्यारोपण : 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार.