दात मोजून घ्यावा!

बैल घेताना दात बघतात. रॅचेट घेताना ते मोजावे लागतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले १४० मेगावॉटचे पहिले दोन संच १९७०-७१ मध्ये सुरू झाले. आता ते बंद आहेत. पण त्यांच्या सावलीत वाढलेल्या आम्हा फिटर मंडळींची हत्यारांची चिकित्सा काही बंद होत नाही.

रॅचेटमधल्या चाकाला चोवीस दात असतील, तर नट पुढे सरकवायला मूठ १५ अंश फिरवावी लागते. बहात्तर असतील तर पाचच. पाइप आणि भिंत यांच्या बोळकांडीत, जिथं हात शिरतो पण फिरत नाही, तिथं ते दहा अंश सोन्याच्या मोलाचे! अर्थात बारीक दात नाजूक. जाम नट आधी लांब दांड्याच्या पान्यानं ढिला करावा. धाकट्याला मग बोलवावं.

माझा लाडका पाव इंची. पाठीवरचं बटण दाबलं, की सॉकेट टपकन हातात! सॉकेट बदलता येणाऱ्या रॅचेटचं पेटंट अमेरिकेतल्या जे. जे. रिचर्डसनचं, १८६३ चं. बटणासाठी मात्र १९६४ मध्ये अर्ज केला पीटर रॉबर्ट्सनं, सिअर्सच्या दुकानात काम करणाऱ्या पोरानं. कंपनीनं हक्क घेतले दहा हजार डॉलरला, आणि रॅचेट खपले लाखांनी. १९६९ मध्ये गडी कोर्टात गेला. तडजोड झाली १९८९ मध्ये, ८२ लाख डॉलरला. वीस वर्षं! रॅचेट निदान एका दिशेनं तरी पुढे सरकतो हो.

शेजारी बटण दाबून बघायला मागतात. बघू देतो, पण उंबऱ्याच्या आत.